पोटाखालची खडखड

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या व्यापारी घरांत मोटारीचा खर्च ठरावीक खात्यांवर पडतो. इंधन, टायर, विमा, वर्षाकाठी एक-दोनदा सर्व्हिसिंग. गाडीच्या पोटाला बांधलेले काळे प्लॅस्टिकचे आवरण मात्र कोणत्याच खात्यात नसते. ते दिसत नाही, त्याचे नाव घरात कोणाला ठाऊक नसते, आणि गाडी विकत घेताना विक्रेताही त्याविषयी चकार शब्द काढत नाही. ते आहे हे कळते ते सुटल्यावरच. मूलच्या भातगिरणीवरून परतताना चिचपल्लीच्या आसपास गाडीखालून फडफड ऐकू येते, वेग कमी केला की ती थांबते, आणि चंद्रपूरचे दिवे दिसेपर्यंत विसरली जाते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे असते, गिऱ्हाईक उभे असते. पुढच्या आठवड्यात त्याच गाडीने आलापल्लीला वसुलीसाठी जायचे ठरते, आणि तेव्हा ती फडफड पुन्हा आठवते, पण आता थांबायला जागा नसलेल्या रस्त्यावर.

हे आवरण म्हणजे इंजिनाच्या खाली, पुढच्या बंपरपासून साधारण पुढच्या चाकांच्या रेषेपर्यंत बसवलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. काही गाड्यांत तो नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा असतो, आणि महागड्या गाड्यांत असे तुकडे थेट मागच्या चाकांपर्यंत जातात. गॅरेजात त्याला कोणी 'खालचे कव्हर' म्हणतो, कोणी नुसते 'गार्ड'. चाकाच्या कमानीच्या आत जे वाकडे प्लॅस्टिक असते ते वेगळे. परंतु दोन्ही एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एक सुटले की दुसरेही लोंबू लागते. जुन्या पिढीला याची सवय नाही, हे समजण्यासारखे आहे. अँबॅसेडर आणि जीप या दोन गाड्यांनी या भागातल्या धान, तेंदू आणि बांबूच्या व्यापाराची दोन पिढ्यांची ये-जा सांभाळली, आणि त्यांची पोटे बहुधा उघडीच असत. दगड लागला आणि चेंबर फुटला, तर तेल सांडलेले दिसे. त्याहून बारीक तक्रारीला तिथे वावच नव्हता. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाड्याला बंद झाले. त्यानंतर घरात आलेल्या गाड्यांचे पोट झाकलेले आहे, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण वाऱ्याचे. गाडी वेगात असताना तिच्या खालून जाणारा वारा इंजिनाच्या खाचाखोचांत अडकला की इंधन अधिक लागते. खालची बाजू सपाट ठेवली की तो सरळ मागे निघून जातो. दुसरे कारण पाण्याचे आणि चिखलाचे. पुढच्या चाकांनी उडवलेले पाणी इंजिनाच्या पट्ट्यांवर आणि विजेच्या जोडण्यांवर पडू नये, हे काम हेच आवरण करते. कित्येक गाड्यांत रेडिएटरमधून हवा नीट खेचली जावी म्हणूनही त्याची रचना केलेली असते. म्हणजे 'काढून टाका, काही फरक पडत नाही' हा जो सल्ला रस्त्याकडेच्या गॅरेजात सहज मिळतो, तो दोन दिवसांपुरता खरा आणि दोन वर्षांसाठी खोटा आहे.

हा पत्रा ज्यावर टिकून असतो ती गोष्ट अगदीच क्षुल्लक असते. काही बोल्ट, काही स्क्रू आणि उरलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या छत्रीसारख्या क्लिपा, ज्यांचा मधला खुंट दाबला की त्या छिद्रात फुगून बसतात. या क्लिपांना चंद्रपूरचे हवामान मानवत नाही. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. त्यात खाली तापलेले डांबर आणि वर तापलेले इंजिन. दोन-तीन उन्हाळे गेले की प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि क्लिप काढताना हातातच तुटते. तुटली की मिस्त्री उरलेल्या चारांवर कव्हर लावून मोकळा होतो. तेल बदलण्यासाठी हे कव्हर कित्येक गाड्यांत दरवेळी काढावे लागते, आणि दरवेळी एखाद-दुसरी क्लिप परत लागत नाही. बरेचसे कव्हर रस्त्यावर नव्हे, असे गॅरेजातच सुटायला लागलेले असते.

मग पावसाळा येतो. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, आणि जंगलातून वाहणाऱ्या प्रत्येक नाल्यावर पूल नाही. कित्येक ठिकाणी अजून रपटेच आहेत. रपट्यावरून वीतभर पाणी वाहत असताना गाडी घातली, तर ते पाणी समोरून त्या पत्र्याखाली शिरते आणि त्याला सूप उचलावे तसे उचलते. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर चढला की गावाचा संपर्कच तुटतो, तिथे गाडी घालण्याचा प्रश्नच येत नाही आणि येऊही नये. धोका त्या मोठ्या पुराचा नसतो, कारण त्याला सगळेच घाबरतात. धोका 'यातून जाईल' असे वाटणाऱ्या पाण्याचा असतो. त्याखेरीज सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक २०२१ पासून वाढल्यावर एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या रस्त्यावर जड ट्रकांची वर्दळ किती वाढली, हे त्या बाजूला दुकान असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जड चाकांमध्ये डांबराचा जो उंचवटा राहतो, तो ट्रकच्या पोटाला लागत नाही, लहान गाडीच्या पोटाला नेमका लागतो.

चातुर्मासात घरोघरच्या गाड्या एरवीपेक्षा अधिक फिरतात, हीही या समाजापुरती एक खास गोष्ट. साधू-साध्वी एका जागी स्थिर होतात आणि श्रावक-श्राविकांचा प्रवास सुरू होतो. पर्युषणात दर्शनाला जाणे, भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थावर कुटुंबासह जाऊन येणे, तपस्येच्या पारण्याला नात्यातल्या घरी पोहोचणे, हे सारे नेमके भर पावसात येते. आठ जणांचे कुटुंब, सामानाने दबलेली गाडी आणि पाण्याखाली न दिसणारे गतिरोधक. आश्विन संपेपर्यंत त्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली काही ना काही सैल झालेले असते.

आवाजावरून पुष्कळ कळते. ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर फडफड आणि वेग उतरताच शांतता, तर पत्र्याचा एखादा कोपरा वाऱ्याने हलत आहे. खड्ड्यातून जाताना एकदाच खरडल्यासारखा आवाज, तर पत्रा खाली झुकून रस्त्याला टेकतो आहे. वळण घेताना चाकाशी घासल्याचा आवाज येत असेल, तर कमानीतले प्लॅस्टिक सुटून टायरला लागले आहे, आणि ते टायर कापू शकते. थंड इंजिन सुरू करताना पत्रा झिणझिणावा तसा आवाज येतो, तो मात्र बहुधा प्लॅस्टिकचा नसतो. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवणारा जो धातूचा पत्रा असतो, त्याचा स्क्रू गंजलेला असतो. खरा महत्त्वाचा भेद पुढच्या आणि मागच्या कडेचा आहे. मागची कड सुटली तर पत्रा खरडत राहतो, आवाज करतो, झिजतो. पुढची कड सुटली तर वारा त्यात भरतो, पत्रा एका क्षणात खाली दुमडतो आणि चाकाखाली जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात सावकाश घरापर्यंत येता येते. दुसऱ्या प्रकारात एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

परंतु थांबायचे कुठे, हा या दोन जिल्ह्यांतला खरा प्रश्न आहे. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असे आलापल्लीला जाताना गोंडपिपरी आणि आष्टी ही दोन गावे सोडली तर मिस्त्री सापडेल अशा जागा मोजक्याच. आलापल्लीपासून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर आणि सिरोंचा सुमारे १०० किलोमीटर, आणि या दोन्ही वाटांवर जंगलाचे मोठमोठे टप्पे लागतात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर वाघ दिसल्याची गोष्ट तर आता नवलाईचीही राहिलेली नाही. अशा ठिकाणी अंधार पडल्यावर खाली वाकून गाडीचे पोट तपासणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. वेग वीसवर आणावा, धोक्याचे दिवे लावावेत, आणि पहिल्या वस्तीपर्यंत, वनविभागाच्या तपासणी नाक्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत गाडी हळूहळू न्यावी. पत्रा दुमडून चाकात अडकला असेल तर गाडी कडेला घेऊन दारे बंद ठेवावीत, जाणाऱ्या ट्रकला किंवा एस.टी.ला हात दाखवावा, आणि दोन माणसे सोबत असल्याशिवाय कोणी खाली उतरू नये. लाल रंगाचा तेलाचा दिवा लागला असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद. तिथे वीसचा वेगही चालत नाही.

उजेड असेल, जागा सपाट असेल, तर तात्पुरती बांधणी कोणालाही जमण्यासारखी आहे. इंजिन बंद करून पाव तास थांबावे, कारण खाली जे जे हाताला लागते ते भाजणारे असते. मोबाइलचा दिवा घेऊन पुढून आणि बाजूंनी पाहावे. त्यासाठी गाडीखाली शिरावे लागत नाही. सुटलेल्या छिद्रातून नायलॉनचा केबल टाय ओवून जवळच्या भक्कम भागाला आवळावा. सायलेन्सरच्या जवळ नायलॉन वितळते, तिथे लोखंडी बांधणीची तार वापरावी आणि तिची टोके आत वळवावीत. फिरणाऱ्या दांड्याला, स्टीअरिंगच्या सांध्याला किंवा ब्रेकच्या नळीला काहीही बांधू नये, हे सांगायला सोपे आहे; ज्याला हे भाग ओळखता येत नाहीत त्याने बंपरच्या कडेपलीकडे हात घालू नये. बांधता येत नसेल आणि पत्रा नुसता एका-दोन स्क्रूवर लोंबत असेल, तर तो पूर्ण काढून डिकीत ठेवणे अधिक सुरक्षित. त्यानंतर पाण्यातून आणि चिखलातून जाणे टाळावे. रस्त्यात टाकून देऊ नये. नवा पत्रा मागवायला दिवस लागतात, आणि जुना बहुधा दुरुस्त होतो.

आता गॅरेजची गोष्ट, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. गाडीचे पोट तपासायचे तर गाडी उंच करावी लागते किंवा माणसाला खाली जावे लागते. चांगल्या गॅरेजात लिफ्ट असते, नाहीतर जमिनीत खणलेला खड्डा असतो. वॉशिंग सेंटरवरही गाडी वर उचलणारे यंत्र असते, आणि पावसाळ्यानंतर एकदा खालून धुऊन घेतल्यावर तिथेच उभ्याउभ्या सगळे दिसते. पण आठवडी बाजाराच्या गावात, रस्त्याच्या कडेला, टायर बदलण्याच्या जॅकवर गाडी टेकवून एखादा पोरगा पोटाखाली सरकताना दिसणे ही रोजची बाब आहे. तो जॅक टायर बदलण्यापुरता असतो. मऊ जमिनीत तो कलतो, आणि कलला की टनभराहून जड गाडी खाली येते. घाई मालकाची असते, छाती त्या पोराची असते. जॅकशिवाय भक्कम आधार नसेल, चाकांना दगड लावलेले नसतील, तर 'राहू दे, पुढे पाहू' असे म्हणण्याचा अधिकार फक्त गाडीच्या मालकाला असतो. पोटासाठी काम करणाऱ्याला तो नसतो. पाण्यात मुंगी वाहताना दिसली तर पाऊल थबकते अशा घरात हे वेगळे सांगावे लागू नये, तरी सांगावे लागते.

लिफ्टवर गाडी चढली की मालकाने स्वतः खाली जाऊन पाहावे. मिस्त्रीवर अविश्वास म्हणून नव्हे. दुकानात माल उतरवून घेताना पोती मोजली जातात, तेही हमालावरच्या अविश्वासाने नव्हे. कव्हरला एकूण किती छिद्रे आहेत आणि त्यांतली किती भरलेली आहेत, हे मोजायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. बाराला आठ असतील तर चार राहिले. पत्र्याला भोकाजवळ चीर गेली असेल तर मोठे वायसर लावून ती धरता येते. पुढची कडच फाटली असेल तर पत्रा बदलावा. क्लिप त्याच मापाची हवी. सैल क्लिप आज बसते आणि पहिल्या रपट्यावर निघते, जाड क्लिप भोक फाडते. काही मिस्त्री वेळ वाचवण्यासाठी गाडीच्या मूळ पत्र्यातच स्क्रू ठोकतात. तो घट्ट बसतो यात शंका नाही, पण रंग फुटलेल्या त्या जागी पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. बोल्टच्या आट्या गेल्या असतील तर नव्या आट्या पाडून घेणे किंवा पत्र्याची चिमटा-क्लिप लावणे हा नीट मार्ग आहे, आणि त्याला अर्धा तास अधिक लागतो.

कव्हर खाली उतरले की त्यात काय साचले आहे, ते टाकून देण्याआधी पाहावे. ताजे तेल असेल तर गळती कुठे आहे ते शोधावे लागते. गळती तशीच ठेवून कव्हर घट्ट केले तर ती फक्त झाकली जाते. नमद्यासारख्या कव्हरात तेल मुरलेले असेल तर ते धुऊन निघत नाही, बदलणेच बरे. वाळलेली पाने असतात, आणि ही बाब जंगलाच्या मुलखात गंभीर आहे. सागाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, मोहफुलांचा हंगामही तेव्हाच, आणि तेव्हापासून पाऊस येईपर्यंत या जंगलांत वणव्याची भीती असते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीजवळ तेलकट पाला अडकलेला असणे म्हणजे गाडीच्या पोटात चूल रचून ठेवणे. त्याच कारणाने वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणेही टाळावे. तिथे आग गाडीपुरती राहत नाही.

आणि कधीकधी त्यात जीव असतो. उंदराने चिंध्या आणि फेस जमवून केलेले घरटे, त्यात डोळे न उघडलेली पिल्ले. पावसाळ्यात बेडूक, पाल, क्वचित साप. धान्याच्या व्यापाऱ्याच्या गाडीला उंदीर अधिक लागतात, कारण तांदळाच्या नमुन्याच्या पुड्या सीटखाली आणि डिकीत सांडलेल्या असतात. विषारी गोळ्या ठेवण्याचा उपाय या घरांत कोणी करणार नाही, आणि तो उपयोगाचाही नाही. मेलेला उंदीर इंजिनाच्या कोपऱ्यात राहिला की त्याचा त्रास वेगळाच. नमुने झाकणाच्या डब्यात ठेवणे, गाडी दर आठवड्याला झाडून घेणे, गोदामाच्या भिंतीला चिकटून उभी न करणे आणि पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन-तीनदा थाप मारणे, एवढ्याने पुष्कळ टळते. घरटे सापडलेच तर मिस्त्रीला घाई करू न देता ते कापडात उचलून आडोशाला ठेवावे. सापाची शंका आली तर कोणीही हात घालू नये. सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवावे.

खराब रस्त्यावर नेहमी जाणारे पुष्कळजण प्लॅस्टिक काढून लोखंडी गार्ड बसवून घेतात. भामरागड, एटापल्लीकडे आठवड्याला फेरी असणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, हे नाकारता येत नाही. दगडापासून चेंबरचे रक्षण प्लॅस्टिक करू शकत नाही, लोखंड करते. पण ते जड असते, हवेचा मार्ग बदलते, आणि सैल झाले तर प्लॅस्टिकसारखे फडफडत नाही, एकदम पडते. त्यामुळे ज्याच्या गाडीची धाव चंद्रपूर, वरोरा, नागपूर एवढीच आहे त्याने शेजाऱ्याने बसवले म्हणून बसवू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर स्थानिक मिस्त्रीच्या हाती ड्रिल मशीन देऊच नये. तिची बॅटरी तळाशीच असते आणि उच्च दाबाच्या, बहुधा नारिंगी रंगाच्या तारा तिथूनच जातात. त्या गाडीचे कव्हर कंपनीच्या सेवा केंद्रातच पाहावे, मग त्यासाठी नागपूरपर्यंत जावे लागले तरी.

खर्चाचा प्रश्न व्यापारी माणूस विचारणारच. चार क्लिपा, एक बोल्ट आणि अर्ध्या तासाची मजुरी, एवढ्यावर भागले तर ती रक्कम एका टाकीच्या इंधनाहून पुष्कळ कमी असते. पूर्ण पत्रा बदलायचा झाला तर गाडीप्रमाणे तो काही हजारांत जातो. इथे विम्याची आठवण होते, आणि ती फारशी कामाची नाही. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. त्यावर सक्तीची वजावट असते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २००० रुपये. झीज हे कारण तर विम्यात बसतच नाही. शिवाय एक दावा केला की दावा न केल्याबद्दलची सवलत जाते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते. एका पत्र्यासाठी पाच वर्षांची सवलत घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याहून महत्त्वाची अट पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते: अपघातानंतर आवश्यक ती दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर. म्हणजे आष्टीला दगड लागून कव्हर फाटले आणि चेंबरला चीर गेली, तशीच गाडी आलापल्लीपर्यंत दामटली आणि तेल संपून इंजिन जाम झाले, तर कव्हर-चेंबरचा दावा उभा राहील, इंजिनाचा राहणार नाही. इंजिनाचा खर्च लाखात मोजावा लागतो.

या सगळ्यात एक माणूस दुर्लक्षिला जातो, तो गाडी चालवणारा. मोठ्या घरांत गाडी ड्रायव्हरच्या हाती असते आणि पहिला आवाज त्यालाच ऐकू येतो. "भाऊ, खालून काहीतरी वाजून राहिलं," असे तो सांगतो, आणि मागच्या सीटवर फोनवर भावताव चाललेला असल्याने "पाहू, पाहू" असे उत्तर येते. दुसऱ्यांदा तो सांगत नाही. तिसऱ्यांदा सांगावे तर आपल्याच चालवण्याला दोष लागेल, अशी त्याला धास्ती असते. एखाद्या पेढीवर असा नियम आहे की गाडीच्या चाव्यांजवळ एक छोटी वही टांगलेली असते आणि ड्रायव्हरने तिच्यात आवाज, गळती, दिवा, जे असेल ते तारखेसह लिहायचे. लिहिल्याबद्दल कोणी त्याला विचारायचे नाही, न लिहिल्याबद्दल मात्र विचारायचे. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना ही पद्धत परकी वाटू नये. गाडीची वही असली की मिस्त्रीलाही सांगणे सोपे जाते. 'कधीकधी वाजते' या वर्णनावर कोणताही मिस्त्री खरे निदान करू शकत नाही.

सैल भाग घेऊन गाडी रस्त्यावर आणणे ही केवळ घरची बाब नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० असुरक्षित अवस्थेतले वाहन चालवण्याविषयीच आहे. पण कायद्याच्याही आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि विहार सुरू होतो. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर पहाटेच्या अंधुक उजेडात पांढऱ्या वस्त्रांतली चार-पाच पावले डांबराच्या कडेने चालत असतात, पायांत काही नाही, सोबत विहारसेवेची दोन मुले. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा पुढून सुटलेला पत्रा मागे जाताना सरळ जात नाही. तो कडेला फेकला जातो. मागून येणारा मोटारसायकलस्वार तो चुकवण्यासाठी जिकडे वळेल तीही कडच असते. पावसाळ्याने सैल केलेल्या गाड्या आणि पायी निघालेले साधू-साध्वी एकाच पंधरवड्यात रस्त्यावर येतात.

पत्रा पडलाच, तर पुढे जाऊन गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि उजेड असेल, रहदारी पाहता येत असेल, तर तो रस्त्यावरून उचलून आणावा. रात्र असेल किंवा जंगलाचा भाग असेल, तर ११२ या क्रमांकावर कळवून जागा सांगावी.

तपासणीसाठी सोयीचा काळ म्हणजे वसुबारसेच्या आधीचा आठवडा. पाऊस ओसरलेला असतो, चिखल वाळलेला असतो, गॅरेजातल्या माणसांना अजून सुटीचे वेध लागलेले नसतात. धनत्रयोदशीपासून वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात आणि मग गाडी वरून चकचकीत करून हार घालण्यापुरताच वेळ मिळतो. त्या आठवड्यात गाडी लिफ्टवर चढवून छिद्रे मोजून घ्यावीत, राहिलेल्या क्लिपा बसवाव्यात, आणि त्याच मापाच्या सहा क्लिपा, थोडी बांधणीची तार, दहा-बारा केबल टाय व जाड हातमोजे एका डब्यात भरून तो डबा डिकीत स्टेपनीजवळ ठेवावा. डबा कुठे ठेवला आहे, ते घरातल्या स्त्रियांनाही दाखवून ठेवावे. आता त्यांच्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी घेऊन वरोऱ्याला, मूलला जातात.